सोवळ्यातल्या बरण्या

आमच्या घरात सकाळी आत्याला शिवायचं नाही, हा पहिला कायदा होता. ती आंघोळ करून, उंच काठीवर वाळवलेली धाबळी नेसून स्वयंपाकघरात शिरली की देवाला नैवेद्य होईपर्यंत तिच्यापासून दोन हात लांब राहायचं. दुपारी तीच आत्या मला मांडीवर घेऊन वेणी घालायची, पण सकाळी नाही. मी चार-पाच वर्षांची असताना ओट्यावरून पडले, गुडघा फुटला, भोकाड पसरून तिच्याकडे धावले, तर ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली आणि तिथूनच म्हणाली, "शिवू नकोस ग, शिवू नकोस. आईकडे जा." तिचे डोळे भरून आले होते, असं आई पुढे सांगायची. मला तिचं मागे सरकणं तेवढं दिसलं. त्याचा राग मी पुढे वीस वर्षं जपून ठेवला. मी रागीट आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी नवरा गेला, आणि तेव्हापासून ती आमच्या घरी. उज्जैनला देवास गेटजवळ भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो: आई, वडील, आत्या आणि मी. वडील सरकारी दफ्तरात होते. ते नोकरीला लागले ते ग्वाल्हेर दरबारच्या, स्वातंत्र्य आलं तेव्हा मध्य भारताचे झाले, आणि राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मध्य प्रदेशाचे. "एकाच खुर्चीवर बसून तीन सरकारं पाहिली," असं म्हणायचे. तिसऱ्या सरकारनं मात्र खुर्चीच उचलली आणि भोपाळला नेली. वडील खुर्चीमागे गेले. क्वार्टर मिळालं की आम्ही तिघींनी जायचं, असं ठरलं होतं, पण क्वार्टर काही मिळेना.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. रसायनात एम.एस्सी. होऊन कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते, तेही टेम्पररी. वडिलांच्या दर पत्रात एक ओळ ठरलेली असायची: भोपाळचं एक स्थळ चांगलं आहे, मार्गशीर्षात बघून घेऊ. मला ते स्थळ नको होतं. मला मुंबईला जायचं होतं. मुंबईला समुद्राकाठी अणुशक्तीचं काम सुरू झालं होतं, पहिली भट्टी पेटली होती, दुसरी मोठी बांधायची चालली होती, आणि तिथं माझ्यासारख्या पोरींनाही घेतात असं ऐकून होते. वडिलांनी एवढंच कबूल केलं होतं की मार्गशीर्ष सरायच्या आत मुंबईचं बोलावणं आलं तर जा, नाहीतर मुकाट्यानं भोपाळ. माझं सगळं आयुष्य त्या एका बोलावण्यावर टांगलेलं होतं.

ते बोलावणं आणवणार होते आमचे सर. सर पुण्याचे. पहिल्यांदा ते वर्गात म्हणाले, "गंज म्हणजे काय ते आज पाहू," तेव्हा आम्ही दोन-तीन मराठी पोरी तोंडात पदर कोंबून हसत सुटलो. आमच्या घरी गंज म्हणजे भात शिजवायचं भांडं. लोखंडाला चढतो तो जंग. सर बिचारे गोरेमोरे झाले. मग त्यांनाही आमची भाषा कळली आणि ते मला चिडवायला म्हणायचे, "चला, आज गंजाला जंग चढतो का बघू."

सरांच्या ओळखीचा कुणी एक जण मुंबईच्या त्या प्रयोगशाळेत होता. त्यानं अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पाठवल्या होत्या, बोटाएवढ्या लांब. काम असं होतं. भट्टीत युरेनियमच्या कांड्या जळतात, जळतात म्हणजे आपल्या चुलीसारख्या नव्हे, पण तापतात. त्यांना थंड ठेवायला भोवती पाणी. आता युरेनियम उघडं पाण्यात ठेवून चालत नाही, म्हणून प्रत्येक कांडीला अॅल्युमिनियमचा चपखल अंगरखा. पण पाणी अॅल्युमिनियमलाही हळूहळू खातं. अंगरख्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी आतलं विष पाण्यात उतरलं म्हणून समजा. त्यावर तोड अशी, की अॅल्युमिनियम शुद्ध पाण्यात तासन्‌तास उकळलं की त्याच्या अंगावर एक पापुद्रा धरतो. दुधावरच्या सायीपेक्षा कितीतरी पातळ, जरा मळकट दिसणारा. तो पापुद्राच त्याची राखण करतो. आमचं काम इतकंच, की चार पट्ट्या पापुद्रा धरलेल्या आणि चार कोऱ्या, आठ काचेच्या बरण्यांत ऊर्ध्वपातित पाण्यात शंभर दिवस ठेवायच्या, ठरल्या दिवशी तोलायच्या, रोज दोनदा पारा बघायचा, आणि भिंगातून पांढरा ठिपका दिसतो का ते बघायचं. सगळं वहीत टिपायचं. शेवटचा रकाना होता 'शेरा'. काही वेगळं घडलं तर त्यात लिहायचं.

"वही पुरी कर," सर म्हणाले, "मग मी ती मुंबईला पाठवतो आणि सोबत तुझी शिफारस. आणि एक लक्षात ठेव. पट्टीला हात लावायचा नाही. घामात मीठ असतं. मिठाचा एक कण लागला तरी पापुद्रा तिथून उघडतो. जे करायचं ते चिमट्यानं."

साठ दिवस झाले आणि दिवाळीची सुटी लागली. सर पुण्याला निघाले आणि त्याच दिवशी कॉलेजचा चपराशी येऊन म्हणाला, "बहनजी, सामान हटा लो, पुताई होगी, चूना उड़ेगा." आता बोला! साठ दिवस डोळ्यांत तेल घालून जपलेल्या बरण्यांवर चुना! सर म्हणाले, घरी नेता येतील का? मी म्हणाले, नेते. टांग्यात मांडीवर चार आणि पायांशी चार बरण्या घेऊन बसले. टांगेवाला दर दोन मिनिटांनी मागे वळून बघायचा. शेवटी न राहवून म्हणाला, "बहनजी, इसमें मछली दिखती नहीं?" मी म्हणाले, "मछली नहीं है, भैया. धीरे चलाओ." त्यानं घर येईपर्यंत घोडा अगदी पावलापावलानं चालवला.

घरी ठेवायच्या कुठं? पुढच्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ, दिवाळीची. मधल्या खोलीत आई फराळाचं करत होती, तेलाचा धूर. उरली आत्याची खोली, म्हणजे देवघर आणि तिची सोवळ्याची कोठी, एकच. तिथं कुणी पाऊल टाकायचं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाले, "आत्या, तुझ्या फडताळात ह्या ठेवायच्या आहेत. तीन आठवडे. नाही म्हणू नकोस."

मला वाटलं होतं भांडण होणार. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण तिनं विचारलं, "आहे काय त्यात?"

मी सांगितलं. कांडी, अंगरखा, पापुद्रा, घाम, मीठ, चिमटा, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे शिवायचं नाही. चुकून शिवलं तर सगळं पहिल्यापासून."

"हो."

"मग सोवळंच की ग ते!" आणि ती हसली. "तुझे ते सर एवढं शिकले, त्यांना सांग, आमच्याकडं हे पाचव्या वर्षापासून शिकवतात. आण इकडं."

खरं सांगते, माझ्या कामाचं तिला जेवढं कळलं तेवढं आईला कळलं नाही, वडिलांना तर नाहीच नाही. आई म्हणायची, पाण्यात पत्रा ठेवून काय बघायचं? आत्यानं एकदाही विचारलं नाही. फडताळ तिनं स्वतः पुसलं, वर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. मी तिला एक चिमटा दिला, बरणीवरची काचेची चकती कशी उचलायची ते दाखवलं. दोन दिवसांत ती पारा बघायला शिकली. मराठी आकडे तिला पोथीमुळं येत होते, इंग्रजी आकडे मी खडूनं फरशीवर काढून दाखवले. सकाळी मी उंबऱ्याशी वही घेऊन बसायची आणि ती आतून सांगायची, "पहिली, बावीसला जरा कमी. डाग नाही." आयुष्यात पहिल्यांदा सकाळच्या वेळी आम्ही दोघी एका कामात होतो, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. मला ते आवडायला लागलं होतं. मी तिला तसं म्हणाले मात्र नाही.

कार्तिकातल्या पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं. आमच्या गावात पौर्णिमेलाच क्षिप्रेवर मुंगीला जागा नसते, त्यात ग्रहण! आई दुपारपासून मागे लागली, चल, गर्दी व्हायच्या आत घाटावर जागा धरू. आत्या ग्रहणाचं स्नान कधी चुकवायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही दोघी जा. मी घरीच पाणी ओतून घेईन अंगावर. बरण्यांपाशी कुणी नको का? संध्याकाळचा पारा मी बघते." मी म्हणाले, राहू दे ग, एक वेळ चुकली तर चालेल. "चालेल कसं? तू जा." मी गेले. नदीवर कमरेएवढ्या पाण्यात आईचा हात धरून उभी होते, आणि मनात म्हणत होते की आणखी पंचवीस दिवस, मग मी सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन उंबऱ्याशी बसले. आई महाकाळाला गेली होती. आत्या आत उभी होती, हातात चिमटा. म्हणाली, "पानं काढायला तुझीच वाट बघत होते. म्हटलं, उगाच दोनदा झाकण नको उघडायला."

"कसली पानं?"

"तुळशीची."

मी कायदा-बियदा सगळं विसरून आत धावले. आठही बरण्यांत एकेक तुळशीचं पान. काही तरंगत होती, तीन-चार भिजून खाली पट्टीवर चिकटून बसली होती. पाण्याला हलका हिरवट रंग आला होता.

ज्यांच्याकडं पाळतात त्यांना सांगायला नको. ग्रहणाचे वेध लागायच्या आत घरातल्या दुधात, तुपात, लोणच्यात, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्र टाकायचं, म्हणजे ग्रहण बाधत नाही. नाहीतर साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं. आत्यानं चुकून काही केलं नव्हतं, ग्रहणापासून माझं पाणी वाचवलं होतं. पौर्णिमेला तुळस तोडत नाहीत म्हणून आदल्या दिवशीच पानं तोडून, धुऊन ठेवली होती. आणि हात लावला नव्हता. एका चिमट्यानं चकती उचलून, दुसऱ्यानं पान सोडलं होतं. दुसरा चिमटा तिनं माझ्या पेटीतून घेतला होता, तो वापरायच्या आधी उकळून.

"अग, काय केलंस हे!" मी ओरडले. "काय केलंस! साठ दिवस! सत्तर! सगळं मातीत घातलंस!"

तिला कळेना. "ग्रहण पाण्याला लागतं ना ग? तुझं पाणी तर इतकं शुद्ध. त्याला आधी लागणार. मला वाटलं, तू विसरलीस."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते. मला त्या क्षणी भोपाळ दिसत होतं. ते न बघितलेलं स्थळ दिसत होतं. आणि समोर ती, चिमटा धरून, काही न कळून उभी. मी म्हणाले, "पांढऱ्या पायाची आहेस तू. ज्याला जपायला जातेस त्याचं वाटोळं करतेस."

तेराव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला मी हे म्हणाले. तिच्या सासरी हे शब्द म्हणून तिला घराबाहेर काढलं होतं. मला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तोंडात आले. चांगलं लागेल असं शोधूनच मी बोलत होते.

तिनं चिमटा फडक्यावर ठेवला, दोन्ही हात पदराला पुसले, जसे काही ओले होते, आणि मागच्या अंगणात जाऊन पुन्हा आंघोळ केली, कारण मी आत घुसले होते, तिला शिवले होते. पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी पानं काढत होते आणि रडत होते, रागानं.

पानं काढली. सरांनी दिलेला पाण्याचा एक मोठा कुपा होता, त्यातलं पाणी बदललं. आणि वही उघडली. 'शेरा' या रकान्यात लिहायला हवं होतं: ग्रहणाच्या दिवशी तुळशीचं पान पडलं, पाणी बदललं. म्हणजे परीक्षण बाद. म्हणजे पहिल्यापासून शंभर दिवस. मार्गशीर्ष तर पंधरा दिवसांवर आला होता. मी पेन्सिल घेऊन बराच वेळ बसले. मग लिहिलं, 'विशेष काही नाही.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

चार दिवसांत तीन पट्ट्यांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. पान जिथं चिकटलं होतं बरोबर तिथं. पापुद्रा धरलेल्या चांगल्या पट्ट्यांवर. उंबऱ्याबाहेरून मला दिसायचे नाहीत, आत्याच सांगायची. अगदी सपाट आवाजात. "तिसरी, एक डाग. पाचवी, दोन." त्या दिवसानंतर ती माझ्याशी आकड्यांपलीकडं काही बोलली नाही, आणि मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिले. रागीट माणसाचा हाच एक आजार आहे, राग जातो पण अकड जात नाही.

सर पुण्याहून आले ते थेट आमच्याकडं, बरण्या न्यायला. आईनं पुढच्या खोलीत चहा दिला आणि ती फराळाचं आणायला मागे गेली. आठही बरण्या मी ओळीनं पाटावर मांडल्या. सरांनी भिंग काढलं. पहिली, दुसरी बघितली, खूश झाले. तिसरीशी थांबले. पाचवीशी पुन्हा. भिंग पुसून परत बघितलं.

"हे असं व्हायला नको," ते म्हणाले. "हे आपोआप झालेलं दिसत नाही. ह्यात काही पडलं होतं का? कुणी हात लावला?"

सर वहीत बघत होते, 'विशेष काही नाही', आणि मग माझ्याकडं. मला वाटतं आणखी एक घटकाभर ते तसेच बघत राहिले असते तर मी सगळं ओकले असते.

तेवढ्यात मधल्या दाराच्या आडून आत्याचा आवाज आला. परक्या पुरुषाशी ती कधी बोलायची नाही. "कुणाचा हात लागला नाही, मास्तर. माझ्या सोवळ्यात होत्या बरण्या."

सर उठून उभे राहिले, दाराकडं बघून नमस्कार केला. "मग प्रश्नच मिटला, आत्याबाई. तुमच्या सोवळ्यात होत्या म्हणजे आमच्या प्रयोगशाळेपेक्षा चोख." आणि मला म्हणाले, "म्हणजे पापुद्राच कच्चा. तसंच लिहू. हेही कळायला हवंच होतं."

हात खरंच लागला नव्हता, चिमटा लागला होता. शब्दानं ते खोटं नव्हतं. पण आत्याला शब्दाची आड घ्यायची सवय नव्हती. तिनं जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं. साधं, कुणी दारावर आलं आणि वडील घरात असूनही "नाही म्हणून सांग" म्हणाले, तरी ती सांगायची नाही. आणि ती खोटं बोलली ते जिनं तिला पांढऱ्या पायाची म्हटलं तिच्यासाठी.

सर बरण्या घेऊन गेले. टांगा कोपऱ्यावर वळायला थांबला होता, समोरून बैलगाडी येत होती. मला धावत जाऊन सांगता आलं असतं. मी ओट्यावर उभी होते, पायांत चपला होत्या. बैलगाडी गेली, टांगा वळला. मी आत आले तेव्हा आत्या देवघरात पाठमोरी बसली होती आणि देवापुढची समई विझली होती. ती समई ती कधी विझू द्यायची नाही.

शंभर दिवस पुरे झाले, सरांनी वही पाठवली, आणि मुंबईचं बोलावणं मार्गशीर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आलं. तोंडी परीक्षा झाली, घेतलं. वडिलांनी भोपाळहून तार केली. निघायच्या दिवशी आत्यानं डिंकाचे लाडू बांधून दिले, तेही आईच्या हातून. मी लांबूनच वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "सांभाळून राहा." बस्स.

मुंबईला प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीत जायच्या आधी चपला काढायच्या, हात धुवायचे, पांढरा डगला घालायचा, हातमोजे चढवायचे. पट्ट्यांना, नळ्यांना नुसता हात लावलेला चालायचा नाही. दुसऱ्या मुली कुरकुर करायच्या. मला काहीच अवघड गेलं नाही. आमचे प्रमुख एकदा म्हणालेही, तुला कुठं शिकवलं हे? मी म्हणाले, घरी.

तीन महिन्यांनी आईचं पत्र आलं. क्वार्टर मिळालं आहे, उन्हाळ्यात भोपाळला जायचं, येऊन भेटून जा. आणि खाली: 'वन्संचं काय झालंय कळत नाही. सोवळं सोडलंय. धाबळी घडी करून पेटीत ठेवली. नैवेद्याचं मलाच करायला लावतात. देवाला हात लावत नाहीत. विचारलं तर म्हणतात, विटाळ हाताला झाला तर आंघोळीनं जातो, जिभेला झालेला कशानं जाणार? तुला काही म्हणाल्या होत्या का?'

पत्र घेऊन मी प्रमुखांकडं गेले. मला सांगून टाकायचं होतं. मी म्हणाले, उज्जैनहून माझी एक वही आली असेल, पट्ट्यांची, त्यात एक चूक आहे. ते जरा वेळ आठवत राहिले, मग कपाटाकडं बोट दाखवलं. खालच्या कप्प्यात वह्यांचा गठ्ठा होता. कॉलेजाकॉलेजांतून आलेल्या. माझी मधोमध होती, सरांनी बांधलेल्या सुतळीची गाठ तशीच. कुणी सोडलीच नव्हती.

"अग, ह्या बघायला वेळ कुणाला आहे?" प्रमुख म्हणाले. "तुला घेतलं ते तू तोंडी परीक्षेत उत्तरं चांगली दिलीस म्हणून. चूक असेल तर दुरुस्त करून ठेव. की टाकूनच दे?"

मी गाठ सोडली. ते पान काढलं. 'विशेष काही नाही' खोडून शेऱ्यात लिहिलं: तुळशीचं पान. ग्रहण. पाणी बदलले. खाली सही केली, परत सुतळी बांधली, आणि वही होती तिथं ठेवली.

एप्रिलात रजा घेऊन निघाले. गाडीत रात्रभर घोकत होते की आत्याला सांगायचं, पाय धरायचे, सगळं सांगायचं. वहीचं पण. सकाळी आठाच्या सुमाराला घरी पोचले. सामान बांधून झालं होतं, पुढची खोली रिकामी. आई नळावर होती. मी मधल्या खोलीत आले आणि समोर आत्या, स्वयंपाकघराच्या दारात. साध्या सुती लुगड्यात. ही तिची नैवेद्याची वेळ.

सवयीनं मी दोन हात लांब थांबले. ती पुढं आली. मी मागे सरकले. ती आणखी पुढं आली, मी भिंतीला टेकले, आणि माझ्या तोंडून निघालं, "शिवू नकोस ग, आत्या. शिवू नकोस मला."

तिनं दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. हात ओले होते, कोथिंबिरीचा वास येत होता. "आता चालतंय ग," ती म्हणाली. "आता काय राहिलंय." मग माझे डोळे पुसले आणि विचारलं, "तुझ्या त्या वहीचा उपयोग झाला ना?"

मी तिच्याकडं बघितलं.

"हो," मी म्हणाले. "खूप झाला."